पत्र्याच्या घरात पहाटे ठिबकणारं पाणी: माझा अनुभव

निफाड भागात डिसेंबर-जानेवारीत पारा कधी कधी 5 अंशांच्याही खाली जातो. पत्र्याच्या घरात तेव्हा फार हाल होतात. आमच्याकडे तर पहाटे अंथरुणावर पाणी ठिबकायचं आणि पत्रा कुठेच फुटलेला नव्हता! निरभ्र रात्री पत्रा आभाळाकडे उष्णता सोडत भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. मग आपल्या श्वासातली, स्वयंपाकाची वाफ त्याला आतून धरते आणि थेंब पडतात. म्हणजे वरून डांबर लावून उपयोग नाही, इलाज आतूनच हवा.

दिवाळी झाल्यावर पत्र्याखाली चंदेरी थराची 10 मिलिमीटर जाडीची फोमशीट लावून घेतली. आधी पत्रा पुसून कोरडा करायचा आणि शीटचे सांधे टेपने पक्के बंद करायचे; सांध्यातून वाफ वर गेली तर पाणी शीटमागे साठतं. कारागीर इथेच घाई करतात, तेव्हा उभं राहून करून घ्या. आईला संधिवात आहे, म्हणून तिच्या खोलीपासून सुरुवात केली. ठिबकणं थांबलं.

दारांखाली रबरी पट्ट्या लावल्या, सोलरच्या गरम पाण्याच्या पाइपावर फोमची नळी चढवली.

एक गोष्ट कळकळीने सांगते. फटी बुजवलेल्या खोलीत कोळशाची शेगडी अजिबात ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच जीव जातो. स्वयंपाकघरातला वरचा झरोका आम्ही थंडीतही उघडाच ठेवतो. वाफ तिथून बाहेर जाते.