लाकडी माडीवर जड सामान ठेवायचं कसं

मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, १९५१ साली गेली, पण आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत त्या काळातले वाडे अजून उभे आहेत. खाली शेणानं सारवलेली नाहीतर फरशीची जमीन आणि वर माडीला सागवानी फळ्यांची तक्तपोशी. मी सुतार आहे. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही या पट्ट्यात अशा माड्यांची दुरुस्ती करतो. ताडोब्याच्या बाजूला नवीन फार्महाऊस झालेत, तिथं लाकडी फ्लोअरिंग असतं, तेही काम येतं. दोन्हीकडे एकच दुखणं पाहतो. लाकूड चांगलं असतं, बसवलेलंही चांगलं असतं, आणि एखादं कपाट किंवा दिवाण त्याची वाट लावून जातो.

हे मनापासून सांगावंसं वाटतं, कारण त्या फळ्या आता मिळत नाहीत. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान गेलं, तेव्हा सगळ्या गावांनी कौतुक केलं. इथल्याच जंगलातलं जुनं लाकूड तुमच्या माडीवर पायाखाली आहे. एवढ्या रुंदीची, गाभ्याची एक फळी बदलायची म्हटली तर मला डेपो डेपो फिरावं लागतं.

सागवान म्हणजे दगड, असा लोकांचा समज आहे. तसं नाही. साग टिकाऊ आहे, गाभ्याला उधई सहसा लागत नाही, पण टणकपणात तो मधला. येन (ऐन) आणि शिसम त्याहून कठीण. लोखंडाच्या टोकाखाली साग दबतो. गावातलं नेहमीचं लोखंडी कपाट रिकामं ७०-८० किलोचं असतं. साड्या, पितळी भांडी, कागदपत्रं, गाद्या भरल्या की ते २०० किलोच्या घरात जातं. पाय चार, म्हणजे एका पायावर ५० किलो. पाय इंचभर चौकोनी असेल तर ते सगळे ५० किलो एका चौरस इंचावर येतात. त्याच पायाखाली ४ इंची चौकोनी ठोकळा ठेवला की १६ चौरस इंच जागा मिळाली, आणि भार इंचाला ३ किलोच्या आसपास आला. बंडीचं चाक चिखलात रुतायला लागलं की आपण त्याखाली फळी टाकतो, तसंच हे.

पण त्याच्या आधी जागा बघा. फळी ही कड्यांवर, म्हणजे खालच्या आडव्या लाकडांवर, ठोकलेली असते आणि कड्या तुळईवर, म्हणजे मोठ्या जाड वाशावर. वजन कडीवर बसलं पाहिजे. दोन कड्यांच्या मधोमध पाय आला तर फळी हळूहळू वाकते, आणि एकदा बाक धरला की सरळ होत नाही. जुन्या वाड्यात खालून वर पाहिलं की कड्या दिसतातच. खालून छत झाकलेलं असेल तर वरून खिळ्यांच्या डोक्यांची ओळ शोधा, ओळीखाली कडी आहे. कपाट भिंतीलगतच ठेवा, खोलीच्या मधोमध नको. जमलं तर लांब बाजू कड्यांना आडवी येऊ द्या, म्हणजे भार दोन-तीन कड्यांवर वाटला जाईल. तशी जागा नसेल तर कपाटाखाली दोन लांब पट्ट्या कड्यांना आडव्या टाका. दोन बाय तीन इंचाची, चार-पाच फूट लांबीची पट्टी पुरते.

कडीच कच्ची असेल तर वरचे सगळे उपाय वाया. मातीच्या भिंतीत कडीचं टोक जिथं शिरतं तिथं ओल धरते, उधईही तिथूनच येते. खालून टोच्यानं किंवा पातळ सळईनं ते टोक टोचून पाहा. टोक घुसलं, भुसा पडला, तर वर काही ठेवू नका, आधी सुताराला दाखवा. दुसरी परीक्षा कोणालाही करता येते. पाण्यानं भरलेला गडवा (तांब्या) माडीवर ठेवा आणि चार पावलं दूर टाचांवर जोर देऊन आदळा. पाण्यावर थोडी थरथर चालते. पाणी हिंदकळून काठावर आलं तर ती माडी जड सामानाची नाही. धानाचे कट्टे (पोती) वर रचणाऱ्यांनी हे जरूर करावं. एक कट्टा ४० किलोचा धरला तर २५ कट्ट्यांचं एक टन होतं, आणि ते सगळे एकाच कोपऱ्यात थप्पी लावून ठेवण्याची पद्धत आहे. भिंतीभिंतीनं पसरून, खाली लाकडी पट्ट्या टाकून ठेवा.

आता ठोकळा. साग, बाभूळ, जे उरलेलं लाकूड घरात असेल ते चालतं. ४ इंच चौकोनी, पाऊण इंच जाड घ्या. प्लायवूडचा तुकडाही चालेल, पण कडा पॉलिश पेपरनं गोल करून घ्या, नाहीतर कडाच फळीत रुतते. वरच्या बाजूला पटाशीनं पायाच्या मापाची उथळ खाच करा, म्हणजे कपाट थरथरलं तरी पाय घसरणार नाही. खालच्या बाजूला जुन्या घोंगडीचा तुकडा फेविकॉलनं चिकटवा. घोंगडीची लोकर दाट असते, लवकर दबत नाही. बाजारात फेल्टच्या गोल चकत्या मिळतात, खुर्ची-टेबलाला त्या बऱ्या, पण चिकटपट्टीच्या चकत्या उन्हाळ्यात सुटतात, म्हणून त्यांनाही फेविकॉलचा थेंब द्या.

सायकलच्या ट्यूबचे तुकडे मात्र लावू नका. पुष्कळ घरांत ते दिसतात. रबर पॉलिशवर बसून राहिलं की त्याचा डाग पॉलिशमध्ये उतरतो आणि पुसून जात नाही. प्लॅस्टिक किंवा मेणकापडही सामानाखाली अंथरू नका. पावसाळ्यात खाली ओल कोंडते, फळी काळी पडते, बुरशी धरते.

सरकवणं हा वेगळाच विषय आहे, आणि खरं नुकसान इथंच होतं. दिवाळीची साफसफाई, नाहीतर मे महिन्यातलं लग्न. "थोडकंच सरकवाचं आहे ना भाऊ, दोघं जनं पुरे," असं म्हणून दोघं कपाट एका कोपऱ्यावर तोलतात आणि गोल फिरवत पुढं नेतात. त्या क्षणी जवळजवळ सगळे २०० किलो एका पायाच्या एका कोपऱ्यावर असतात. नंतर फळीकडे वाकून पाहा. अर्धचंद्रासारखी खाच दिसेल, आतल्या बाजूनं खोल, बाहेरच्या बाजूनं उथळ, आणि तिच्या तळाशी लाकडाचे तंतू तुटून उभे राहिलेले. पॉलिशची पापडी काठावर उचललेली. पावसाळ्यात त्या खाचेत हवेची ओल बसते, लोखंडाची पूड आत असतेच, आणि खाच काळी पडते. असे चंद्र भिंतीपासून दारापर्यंत ओळीनं गेलेले मी पाहिलेत.

मे महिना तर फळ्यांसाठी सर्वांत नाजूक. आमच्याकडे पारा ४६-४७ वर जातो, लाकूड वाळून आकसतं, दोन फळ्यांमध्ये फट पडते. फटीच्या काठावर पाय आला की काठ तुटतो. लग्नासाठी माडी मोकळी करायची असेल तर घाई नको. आधी जमीन झाडून घ्या, कारण फड्यातून (झाडूतून) सुटलेली रेती एक कणभर असली तरी रेघ ओढते. कपाट पूर्ण रिकामं करा, खण काढा, दारं दोरीनं बांधा. दोघांनी एक बाजू थोडी उचलायची, तिसऱ्यानं खाली जाड गोधडी सरकवायची, मग दुसरी बाजू. त्यानंतर कपाट न उचलता गोधडी धरून ओढा. पोत्याचा बारदाना वापरू नका, त्याच्या धाग्यात माती असते. वळवायचं असेल तर गोधडीसकट वळवा. जिना उतरताना चार माणसं लागतात, तिथं दोन माणसांत भागवू नका.

कूलरचं वेगळं सांगतो. विदर्भात कूलरशिवाय उन्हाळा निघत नाही, पण लोखंडी स्टँड, ठिबकणारं पाणी आणि सागवान एकत्र आले की फळीवर काळं वर्तुळ उमटलंच. सागात टॅनिन असतं, ते लोखंडाशी ओलीत काळा रंग धरतं. कूलर खिडकीबाहेर स्वतंत्र स्टँडवर ठेवणं सगळ्यात उत्तम. आतच ठेवायचा असेल तर स्टँडच्या चारी पायांखाली कडप्प्याचे तुकडे, त्याखाली घोंगडी, आणि मध्ये पाणी धरायला ट्रे. मोटर चालू असताना स्टँड थरथरत जागा सोडतो, म्हणून आठवड्यातून एकदा पाय कडप्प्यावर आहेत का ते बघत जा.

काळा डाग पडलाच तर हार्डवेअरच्या दुकानात ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पूड मिळते. प्लॅस्टिकच्या डब्यात कोमट पाण्यात थोडी पूड विरघळवून डागावर ब्रशनं लावा, लोखंडी भांडं नको. डाग फिका पडला की ओल्या कापडानं दोन-तीनदा पुसा. हे विष आहे. हातमोजे घाला, मुलांपासून दूर ठेवा, आणि वाळलेली पूड घासून उडवू नका. पॉलिश असेल तर आधी तेवढ्या जागेचं पॉलिश काढावं लागतं.

दबलेली खूण असेल आणि तंतू तुटलेले नसतील, तर ती वर येते. सुती कापड भिजवून पिळा, खुणेवर ठेवा आणि वरून गरम इस्त्री काही सेकंद धरा. वाफेनं लाकूड फुगतं. कापड पुन्हा ओलं करून हे सावकाश करत राहा. तेल लावलेल्या किंवा कोऱ्या फळीवर हे छान जमतं. पॉलिशवर केलं तर पांढरा डाग येतो, म्हणून तिथं करू नका. तुटलेली अर्धचंद्र खाच वाफेनं भरत नाही, ती भरायला लांबी (पुट्टी) किंवा लाकडाचा तुकडा लागतो.

वर आलेली जागा दोन दिवस वाळू द्या, मग जवसाचं तेल लावा. आपल्याकडे जवस पिकतं, तेल सहज मिळतं. पातळ हात द्या, अर्ध्या तासानं उरलेलं पुसून घ्या, नाहीतर फळी चिकट राहते. कच्चं तेल वाळायला बरेच दिवस घेतं, तोवर त्यावर सामान ठेवू नका. आणि तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात किंवा पिशवीत टाकू नका. वाळताना त्या आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. अंगणात दोरीवर एकेक मोकळी पसरून पूर्ण वाळू द्या, मगच फेका.