एका कामाला तीन टूल: डेस्कटॉप सुधारताना या चुका टाळा

बडोद्यातील दांडिया बाजारात राहणाऱ्या एका परिचित काकांची तक्रार अशी होती की, संगणकाचे बटण दाबल्यापासून तो वापरण्याजोगा होईपर्यंत त्यांचा चहा करून, पिऊन आणि कप विसळूनही होतो. मी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि त्यातील स्टार्टअपची यादी पाहिली, तेव्हा संगणकाबरोबर आपोआप सुरू होणारे १९ प्रोग्रॅम तेथे आढळले. त्यांपैकी पाच प्रोग्रॅम संगणकाचा वेग वाढवण्यासाठीच बसवलेले होते: दोन क्लीनर, एक मेमरी मोकळी करणारा, एक ड्रायव्हर (यंत्राचे भाग विंडोजशी जोडणारे प्रोग्रॅम) अद्ययावत ठेवणारा आणि पाचवा या सर्वांवर देखरेख करणारा. डेस्कटॉप सजवण्यासाठी आणि सुधारण्यासाठी आज उत्तम साधने फुकट मिळतात. घोटाळा होतो तो एकाच कामाला तीन साधने जुंपल्यामुळे आणि कोणत्या साधनाने काय बदलले याची नोंद न ठेवल्यामुळे.

वेग वाढवणारे प्रोग्रॅम

मेमरी मोकळी करण्याचा दावा करणाऱ्या साधनांबद्दल माझे मत अत्यंत प्रतिकूल आहे. रिकामी पडलेली मेमरी विंडोज वाया जाऊ देत नाही; नुकत्याच वापरलेल्या फाइल आणि प्रोग्रॅमचे भाग ती तेथे जपून ठेवते आणि गरज पडताच ती जागा लगेच सोडून देते. मेमरी क्लीनर हीच साठवण जबरदस्तीने रिकामी करतो आणि चालू प्रोग्रॅमची माहितीही डिस्कवर ढकलतो, त्यामुळे आकडा सुधारलेला दिसतो, पण ब्राउझरकडे परत वळताच तीच माहिती डिस्कवरून पुन्हा आणावी लागते. जुनी हार्ड डिस्क असेल तर ही ये-जा चक्क कानाला ऐकू येते.

रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग्जची नोंदवही, साफ करणाऱ्या प्रोग्रॅमचीही हीच गत आहे. त्यांनी शोधलेल्या शेकडो 'चुका' बहुतांशी निरुपद्रवी नोंदी असतात, त्या काढून वेगात जाणवण्याजोगा फरक पडत नाही, आणि एखादी गरजेची नोंद उडाली तर भलताच प्रोग्रॅम बंद पडतो. अशा साधनांच्या वापराला आपला पाठिंबा नाही, असे मायक्रोसॉफ्टनेही स्पष्ट केलेले आहे. शिवाय नाव प्रसिद्ध आहे म्हणून प्रोग्रॅम निर्धोक आहे, असेही समजू नये: २०१७ मध्ये सीसीक्लीनरच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती आवृत्ती अधिकृत ठिकाणावरूनच वीस लाखांहून अधिक संगणकांवर पोहोचली होती. तात्पुरत्या फाइल काढण्यासाठी विंडोजच्या सेटिंग्जमधील 'स्टोरेज सेन्स' पुरेसे आहे. ड्रायव्हरच्या बाबतीत विंडोज अपडेट किंवा मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डाच्या उत्पादकाचे संकेतस्थळ यांपलीकडे जाऊ नये.

साचलेले प्रोग्रॅम काढताना मात्र घाई करू नये. आधी टास्क मॅनेजरमध्ये तो प्रोग्रॅम स्टार्टअपपुरता बंद करावा, संगणक पुन्हा सुरू करावा, दोन दिवस नेहमीची कामे करून पाहावीत आणि काही अडले नाही तरच तो सेटिंग्जमधून अनइन्स्टॉल करावा. टास्क मॅनेजरमध्ये न दिसणाऱ्या नोंदींसाठी मायक्रोसॉफ्टच्याच सिसइंटर्नल्स संचातील 'ऑटोरन्स' हे साधन वापरावे, परंतु प्रथम त्यातील मायक्रोसॉफ्टच्या नोंदी लपवाव्यात आणि संशयास्पद नोंद डिलीट करण्याऐवजी तिच्यापुढील खूण काढावी, म्हणजे चूक झाल्यास ती खूण परत लावता येते. त्यात पिवळ्या रंगात दिसणारी नोंद म्हणजे जिची मूळ फाइलच सापडत नाही अशी नोंद होय. काकांच्या संगणकावर अशा पिवळ्या ओळी चार होत्या, त्यांपैकी एक तर केव्हाच विकून टाकलेल्या प्रिंटरची होती.

"अरे, एवढं सगळं काढलंस, तर आत उरलं काय?" असे काकांनी धास्तावून विचारले, आणि त्यांचे समाधान करण्यात प्रोग्रॅम काढण्यापेक्षा अधिक वेळ गेला.

रूप बदलताना

टास्कबार किंवा स्टार्ट मेनू जुन्या वळणाचा करून देणारी साधने विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये, म्हणजे डेस्कटॉप आणि टास्कबार ज्या प्रोग्रॅममुळे दिसतात त्यातच, हस्तक्षेप करतात. विंडोजचे मोठे अपडेट आले की आतली रचना बदलते आणि जुने साधन नव्या रचनेशी जुळत नाही. हा धडा मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. गणेशोत्सवाच्या आधी आमच्या मंडळाची कार्यक्रमपत्रिका सकाळी रावपुऱ्यातील छापखान्यात द्यायची होती. रात्री अपडेट बसले, आणि सकाळी काळ्या पडद्यावर माऊसच्या बाणाखेरीज काहीच दिसेना. दर काही सेकंदांनी टास्कबार क्षणभर उमटे आणि नाहीसा होई.

अशा वेळी बटण दाबून संगणक वारंवार बंद करण्याचा मोह होतो, तो आवरावा. टास्क मॅनेजर बहुधा तेव्हाही उघडतो. त्यातील 'रन न्यू टास्क' निवडून इंग्रजीत 'कंट्रोल' हा शब्द टाइप केला की कंट्रोल पॅनेल उघडते, आणि तेथून दोषी साधन अनइन्स्टॉल करून संगणक पुन्हा सुरू करता येतो. तेवढ्याने भागले नाही तर लॉगइनच्या पडद्यावर शिफ्ट कळ दाबून धरून 'रीस्टार्ट' निवडावे आणि पुढे येणाऱ्या पर्यायांतून सेफ मोड (केवळ अत्यावश्यक भागांवर चालणारी विंडोज) गाठावा. पत्रिका त्या दिवशी दुपारी गेली. छापखान्याच्या मालकांनी काही म्हटले नाही, पण मंडळाच्या सचिवांनी म्हटले.

त्या प्रसंगानंतर कोणतेही नवे साधन बसवण्यापूर्वी मी रिस्टोअर पॉइंट तयार करतो. पुष्कळ संगणकांवर ही सोय मुळात बंदच असते, आणि ते कळते ते गरज पडल्यावर. स्टार्ट मेनूत 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' शोधावे, सी ड्राइव्हसाठी प्रोटेक्शन चालू करावे आणि तारखेसह साधनाचे नाव लिहून पॉइंट तयार करावा. यातून प्रोग्रॅम आणि सेटिंग्ज मागे नेता येतात. स्वतःची छायाचित्रे आणि कागदपत्रे यांसाठी वेगळा बॅकअप लागतोच.

रेनमीटर हे डेस्कटॉपवर घड्याळ, हवामान, प्रोसेसरचा भार इत्यादी दाखवणारे साधन स्वतः हलके आहे, पण त्याच्या स्किन, म्हणजे पडद्यावरच्या तयार सजावटी, कोणीही तयार करते आणि काही स्किनच्या संचात प्लगइनही येतात, जे प्रत्यक्षात चालणारे प्रोग्रॅमच असतात. म्हणून अनोळखी ठिकाणची स्किन बसवू नये. हलत्या वॉलपेपरचे लाइव्हलीसारखे साधन ४ जीबी रॅमच्या संगणकावर बसवणे हा हौसेचा अतिरेक आहे. संध्याकाळी पडदा विचित्र नारिंगी दिसत असेल तर विंडोजची 'नाइट लाइट' आणि एफ.लक्स ही पडद्याचा रंग उबदार करणारी दोन्ही साधने एकाच वेळी चालू नाहीत ना, एवढे पाहावे.

एक चूक तर सजावटीच्या पलीकडची आहे. विंडोज १० ला ११ चे रूप देणारी थीम लावली म्हणून संगणक अद्ययावत होत नाही. विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट देणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि गोल कडांच्या खिडक्यांनी ती उणीव झाकली जाते, भरून निघत नाही.

मराठी, गुजराती आणि इंग्रजी एकाच कळफलकावर

बडोद्यातील मराठी घरांत ही अडचण हमखास आढळते: आजोबांना मराठीत लिहायचे असते, नातीचा अभ्यास गुजरातीत असतो आणि बिले इंग्रजीत. त्यासाठी लोक जुने गूगल इनपुट टूल्स कुठून तरी मिळवून बसवतात. त्याची विंडोजवर ऑफलाइन चालणारी आवृत्ती देणे गूगलने केव्हाच बंद केले आहे, त्यामुळे आज मिळणारी प्रत कोणी कशी फेरफार करून ठेवली आहे हे सांगता येत नाही. वास्तविक विंडोजमध्येच मराठी आणि गुजराती या दोन्हींचे फोनेटिक (इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करण्याचे) कळफलक २०१९ पासून उपलब्ध आहेत. 'टाइम अँड लँग्वेज'मध्ये भाषा जोडून कळफलक निवडला की काम झाले.

मी स्वतः इनस्क्रिप्टचा, म्हणजे भारतीय लिप्यांसाठीच्या प्रमाणित कळफलकाचा, पुरस्कर्ता आहे, कारण त्यात ज्या कळेवर देवनागरी 'ल' आहे त्याच कळेवर गुजराती 'લ'ही आहे, आणि शिफ्टसह दोन्हींत ळ उमटतो. एकदा बोटांना सवय झाली की दुसरी लिपी फारशी शिकावी लागत नाही. 'दुसऱ्या'मधला अर्धा र मोडका उमटतो अशी तक्रार असेल तर साध्या 'र'ऐवजी शिफ्ट दाबून त्याच कळेवरचा 'ऱ' घ्यावा आणि मग हलन्त व 'य' टाइप करावे.

लिहिता लिहिता भाषा आपोआप बदलते, ती बहुधा ऑल्ट आणि शिफ्ट या कळा नकळत एकत्र दाबल्या गेल्यामुळे. 'अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज'मधून तो शॉर्टकट काढून टाकावा आणि भाषा बदलण्यासाठी केवळ विंडोज व स्पेस ही जोडी ठेवावी. पॉवरटॉइजच्या कीबोर्ड मॅनेजरने कळा बदलल्या असतील तर त्या आधी पूर्ववत करून पाहाव्यात, अन्यथा दोष कोणाचा हे शोधण्यात संध्याकाळ जाते. पॉवरटॉइज हा मायक्रोसॉफ्टचाच मुक्त-स्रोत संच आहे आणि तो अवश्य ठेवावा, मात्र त्यातील डझनावारी सोयी पहिल्याच दिवशी चालू करू नयेत. खिडक्या मांडणारे 'फॅन्सीझोन्स' आणि एकदम शंभर फाइलींची नावे बदलणारे 'पॉवररीनेम' यांपासून सुरुवात करावी.

जेथे सॉफ्टवेअरचा इलाज चालत नाही

काकांचे सर्व क्लीनर काढल्यावर संगणक थोडा सुधारला, पण चहा अजूनही होतच होता, कारण आत फिरती हार्ड डिस्क होती. तिच्या जागी २५६ जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवल्यावर सुरू होण्याचा वेळ अर्ध्या मिनिटाच्या आत आला. एसएसडीवर डीफ्रॅगचे, म्हणजे डिस्कवर विखुरलेले फाइलींचे तुकडे सलग मांडण्याचे, वेगळे साधन चालवू नये. विंडोज तिच्यासाठी ट्रिम (पुसलेल्या फाइलींची जागा डिस्कला कळवण्याची) ही क्रिया ठरावीक काळाने स्वतःच करते. कॅबिनेट उघडलेच होते म्हणून पंख्यावरची धूळही ब्रशने काढली.

स्टार्टअपच्या यादीत आता चार नोंदी आहेत. त्यांतील रेनमीटर काकांनी हट्टाने ठेवायला लावले, कारण त्यांना पडद्यावर मोठे घड्याळ हवे आहे. टास्कबारवर एक घड्याळ आहे, संगणकाच्या वर भिंतीवर दुसरे टांगलेले आहे, आणि ते तिसरे दोघांपेक्षा अचूक चालते असे काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.