रोहूवरील लाल चट्टे आणि लसणाचे खाद्य

पावसाळा सरताना आमच्या शेततळ्यातील रोहूंच्या पोटावर आणि परांच्या मुळाशी लाल चट्टे दिसू लागले, काहींचे खवले उभे राहिले आणि तपासणीत एरोमोनास हायड्रोफिला हा जिवाणू आढळला. प्रतिजैविकाऐवजी मी लसूण निवडला. त्यातील अ‍ॅलिसिन हा जिवाणूरोधक घटक पाकळी ठेचल्यावरच तयार होतो आणि उष्णतेने नष्ट होतो. म्हणून किलोभर खाद्याला 10 ग्रॅम सोललेला लसूण ठेचून, थोडा वेळ तसाच ठेवून, तेलात कालवून गोळ्यांना चोळला आणि खाद्य उन्हात न घालता सावलीत सुकवले. तेलाचा थर नसेल तर अर्क पाण्यात उतरतो आणि सगळी मेहनत तळ्याला जाते. मिश्रण रोज ताजेच केले. ज्यांनी खाणेच सोडले होते, त्यांना याचा उपयोग झाला नाही. मेलेले मासे बाहेर काढून चुन्यासह पुरले. खाणाऱ्या माशांवर मात्र नवे चट्टे येणे हळूहळू थांबले. अर्थात सारे श्रेय लसणाला देणे मला पटत नाही, कारण त्याच काळात मी खाद्य कमी केले, काही पाणी बदलले आणि पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता) मोजून चुना टाकला होता.