एक प्रश्न, एक प्रसंग : सॉक्रेटिक संवाद कसा घ्यावा

बैठकीत किंवा वर्गात "प्रामाणिकपणा म्हणजे काय?" असा प्रश्न टाकला की पाच मिनिटांत व्याख्यांचा ढीग पडतो आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचे मत उरते. हे टाळण्याची एक कसलेली रीत आहे : सॉक्रेटिक संवाद, म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिस यांच्यासारखे प्रश्न विचारत गटाने मिळून केलेला विचार. साऱ्या गटाने एकाच माणसाचा एकच खरा प्रसंग घ्यायचा आणि त्याला सोडायचे नाही. जर्मन तत्त्वज्ञ लेओनार्ड नेल्सन यांनी १९२२ साली ग्योटिंगेन इथे दिलेल्या व्याख्यानात या पद्धतीचा पाया मांडला, आणि त्यांचे शिष्य गुस्टाव्ह हेकमन यांनी ती गटासोबत राबवून पक्की केली.

तयारी

गट सहा ते बारा जणांचा असावा. सहाहून कमी माणसांत दृष्टिकोन थोडे पडतात, तर बाराच्या पुढे निम्मे लोक प्रेक्षक होतात. गोल बसा. कार्यालयात सलग तीन-चार तास राखून ठेवा, शाळेत लागोपाठच्या तीन-चार तासिका. लिहायला मोठे कागद घ्या आणि ते भिंतीवर लावत जा. फळा पुसावा लागतो, आणि तासाभरापूर्वीचे वाक्य पुन्हा पाहण्याची गरज हमखास पडते.

प्रश्न

प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर अनुभव आणि विचार यांतूनच मिळेल. "दुसऱ्याची चूक केव्हा दाखवावी?" हा चांगला प्रश्न आहे. "प्रशिक्षणाने काम किती सुधारते?" याला आकडेवारी लागते. "आपल्या विभागात कुणी कुणाचे ऐकत का नाही?" या प्रश्नात आरोप दडलेला आहे, त्यामुळे पहिल्या मिनिटापासून लोक बचावात बोलतात.

प्रसंग निवडणे

सर्वांत जास्त काळजी इथे घ्या, कारण फसलेल्या संवादांचे मूळ बहुधा याच टप्प्यात सापडते. प्रत्येकाने दहा मिनिटांत चार-पाच ओळींत स्वतःचा एक प्रसंग लिहावा. तो सांगणाऱ्याने स्वतः अनुभवलेला, छोटा आणि संपलेला असावा. चालू भांडण घेतले तर गट सल्ले देऊ लागतो आणि मूळ प्रश्न बाजूला पडतो. फार दुखरा प्रसंगही नको, कारण त्यावर उलटे प्रश्न विचारायला कुणी धजत नाही. त्या प्रसंगातली दुसरी व्यक्ती खोलीत असेल तर संवादाची चौकशी होते, म्हणून असा प्रसंग बाजूला ठेवा. वरिष्ठ गटात असतील तर त्यांचा प्रसंग पहिल्यांदा घेऊ नये.

समजा हा प्रसंग निवडला : "नव्या सहकाऱ्याच्या अहवालात एक आकडा चुकला होता. बैठकीला दहा मिनिटे होती. त्याला न सांगता मी तो दुरुस्त केला." आता बाकीच्यांनी फक्त तपशील विचारायचे. त्याला दुरुस्ती नंतर कळली का? चूक किती मोठी होती? प्रत्येकाला त्या जागी स्वतःला उभे करता आले पाहिजे. याला अर्धा तास लागला तरी लागू द्या.

निवाडा आणि त्याची कारणे

मग सांगणाऱ्याने एक वाक्य द्यायचे, "कारण" या शब्दासकट : "तेव्हा चूक दाखवायला नको होती, कारण दाखवली असती तर तो बैठकीत बोलूच शकला नसता." हे त्याच्याच शब्दांत, मोठ्या अक्षरांत लिहा. पुढे प्रत्येकाने ठरवायचे की मी त्या जागी असतो तर हाच निवाडा दिला असता का, आणि कशाच्या आधारावर. कुणी म्हणेल की घाबरलेल्या माणसाला शिकता येत नाही. कुणी म्हणेल की चूक लपवली तर तो पुढच्या वेळीही तीच करणार. अशी वाक्ये लिहीत गेले की खाली गृहीत धरलेले वर येते : चूक दाखवणे कुणाच्या भल्यासाठी, कामाच्या की माणसाच्या? त्यातून जो नियम हाती येईल तो गटाने लिहिलेल्या इतर प्रसंगांवर तपासा.

मतदान घेऊ नका. एकमताचा प्रयत्न जरूर करा, पण ते होत नसेल तर मतभेद नेमका कुठे आहे याचे एक वाक्य लिहून घ्या. नुसत्या माना डोलावण्यापेक्षा ते कितीतरी मोलाचे असते.

संचालकाचे काम

संचालक म्हणजे संवाद चालवणारी व्यक्ती. विषयावरचे आपले मत तिने सांगायचे नाही. नेल्सन यांचा हा आग्रह पाळणे फार जड जाते, विशेषतः शिक्षकांना. हाताशी दोनच प्रश्न ठेवा : "हे प्रसंगात कुठे दिसते?" आणि "त्या आत्ता जे म्हणाल्या ते तुमच्या शब्दांत सांगाल?" दुसऱ्या प्रश्नानंतर मूळ बोलणाऱ्या व्यक्तीला विचारायचे की ते बरोबर उतरले का. बऱ्याचदा उतरलेले नसते, आणि खरे ऐकणे तिथून सुरू होते. शांतता पडली तर वीस-तीस सेकंद तशीच राहू द्या. "समजा असे झाले असते तर" किंवा "अमुक विचारवंत म्हणतो" असे सुरू झाले की ताबडतोब प्रसंगाकडे परत आणा.

बोलणे गुंतले, कुणी गप्प झाले किंवा दोघेच बोलत राहिले, तर कुणीही थांबा म्हणू शकतो. मग दहा मिनिटे विषय सोडून फक्त आपण कसे बोलत आहोत यावर बोलावे. ही जोड हेकमन यांची.

लहान मुलांसोबत

स्वतःचा प्रसंग लिहिणे लहान मुलांना अवघड जाते. अमेरिकन तत्त्वज्ञ मॅथ्यू लिपमन यांनी १९७०च्या दशकात यासाठी कथेची वाट काढली. एक पान मोठ्याने वाचायचे, प्रश्न मुलांनीच काढायचे, ते नावांसह फळ्यावर लिहायचे आणि त्यांतला एक निवडायचा. प्रश्न निवडताना हात वर करून मत घ्यायला हरकत नाही. चाळीस मिनिटांत उत्तर पुरे होत नाही, म्हणून शेवटी जमलेले वाक्य कागदावर उतरवून वर्गात लावा आणि पुढचा तास ते वाचूनच सुरू करा.