ॲक्टिन आणि पेशींच्या हालचालीचे प्रयोग: या चुका टाळा

प्रयोग फसला की पहिला संशय अँटीबॉडीवर किंवा इनहिबिटरवर जातो. बहुतेक वेळा दोष हाताळणीचा निघतो. ऱ्होए, रॅक१ आणि सीडीसी४२ ही छोटी जीटीपेज प्रथिनं (जीटीपी धरलं की चालू आणि त्याचं जीडीपी झालं की बंद होणारे, ॲक्टिन तंतूंवर ताबा ठेवणारे स्विच) काही मिनिटांत चालू-बंद होतात, आणि तुम्ही प्लेट कशी उचलता, कशी धुता, यानेही त्यांची स्थिती बदलते.

सीडीसी४२ हे एन-वास्प या प्रथिनामार्फत आणि रॅक१ हे वेव्ह या प्रथिन-संकुलामार्फत आर्प२/३ या फांद्या फोडणाऱ्या संकुलाला जागं करतं. मग जुन्या ॲक्टिन तंतूवर सुमारे ७० अंशांत नवी फांदी फुटते आणि पेशीची पुढची कड सरकते. ऱ्होए फॉर्मिन या प्रथिनाला हाताशी धरून सरळ तंतू वाढवतं, शिवाय रॉक या एन्झाइमकडून मायोसिन या मोटर प्रथिनाला ताण द्यायला लावतं.

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो सीरममुळे. त्यात एलपीए हे ऱ्होएला चालू करणारं लिपिड असतं, म्हणजे १० टक्के सीरममध्ये वाढलेल्या पेशींत ऱ्होए आधीच पेटलेलं असतं. वरून एलपीए घालून फरक दिसणार कुठून? रात्रभर ०.१ ते ०.५ टक्के सीरमवर ठेवा. उत्तेजक घालताना मीडियम बदलू नका. दहापट तीव्र द्रावण कडेने हळूच सोडा, कारण पिपेटच्या जोरदार धारेलाही पेशी प्रतिसाद देतात.

पुलडाउनमध्ये (चालू जीटीपेज मण्यांवर पकडून जेलवर पाहण्याच्या चाचणीत) पट्टीच दिसत नसेल तर आधी पॉझिटिव्ह कंट्रोल पाहा. लायसेटमध्ये (फोडलेल्या पेशींच्या द्रवात) १० मिलिमोलर ईडीटीए आणि ०.१ मिलिमोलर जीटीपी-गॅमा-एस (सहज न तुटणारं जीटीपी) घालून ३० अंशांवर १५ मिनिटं ठेवा, मग ६० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइडने थांबवा. इथे पट्टी ठसठशीत आली आणि नमुन्यात नाही, तर मणी ठीक आहेत. तुमच्या हातात जीटीपीचं जीडीपी झालं, किंवा उत्तेजनाची वेळ चुकली. दोन्हीकडे कोरं असेल तर मणी किंवा अँटीबॉडी बदला. सहा प्लेट्स एकदम लाइज करायला घेतल्या की सहावीपर्यंत सिग्नल विरलेला असतो. एकेक प्लेट बर्फावर घ्या, बफरमध्ये १० मिलिमोलर मॅग्नेशियम ठेवा, ४ अंशांवर दोन मिनिटं सेंट्रिफ्यूज करा आणि लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवा. वेळा ०, १, ३, ५ आणि १५ मिनिटं घ्या. फक्त १५ मिनिटांची घेतली तर शिखर हुकतं. एकूण रॅकची (चालू आणि बंद मिळून) पट्टी शेजारी नसेल तर त्या जेलला अर्थ नाही.

फिक्स करण्यापूर्वी (पेशी रसायनाने आहे त्या अवस्थेत पक्क्या करण्यापूर्वी) फ्रिजमधल्या गार पीबीएस बफरने धुणं ही सवय मोडा. थंडीने मायक्रोट्यूब्यूल (पेशीच्या सांगाड्यातल्या नळ्या) विस्कटतात, त्यांना चिकटलेलं जीईएफ-एच१ हे प्रथिन मोकळं होतं आणि ऱ्होए चालू करतं. मग स्ट्रेस फायबर (ॲक्टिनच्या जाड जुड्या) दिसतात ते तुमच्या औषधाचे की पीबीएसचे, कोण सांगणार? मुंबईत बाहेर ३३ अंश असले तरी मायक्रोस्कोपच्या खोलीतला एसी १९ वर असतो, त्यामुळे प्लेट तिथे नेऊन फिक्स करणंही तितकंच वाईट. ताजं ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड ३७ अंशांवर गरम करून थेट घाला, १५ मिनिटं. फॅलोइडिन (ॲक्टिन तंतूंना रंगवणारं) लावायचं असेल तर मेथॅनॉलने फिक्स करू नका. तंतूंची रचना बिघडते आणि रंग धरत नाही.

जुलैत आणखी एक भानगड. डीएमएसओ (इनहिबिटर विरघळवायचं द्रव) हवेतलं पाणी शोषतं आणि साधारण १८.५ अंशांखाली गोठतं. थंड ट्यूब उघडली की दमट हवेचं पाणी आत जमतं. ट्यूब बंद ठेवूनच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, इनहिबिटरचे छोटे भाग करून ठेवा.

जखम-भरण प्रयोगात (पेशींच्या थरावर रेघ ओढून ती फट भरताना पाहण्याच्या) २४ तासांनी फट भरली म्हणजे पेशी चालल्या असं नाही. त्या विभागून वाढल्याही असतील. सीरम १ टक्क्याखाली आणा किंवा पहिल्या १२ तासांतच मोजा. रेघेखाली प्लेटच्या तळाला खूण करा, नाहीतर दुसऱ्या वेळी भलतीच जागा मोजाल.

रॉकला अडवणारं वाय-२७६३२ (१० मायक्रोमोलर) दिल्यावर स्ट्रेस फायबर गेले पण फट उलट लवकर भरली, तर घाबरू नका. रॉक थंडावल्यावर पुढची कड मोकळी होते आणि मागची शेपटी मात्र लांबत राहते. ती मागे ओढायला मायोसिन लागतं. आर्प२/३ ला अडवणारं सीके-६६६ वापरताना सोबत त्याचं निष्क्रिय भावंड सीके-६८९ आणि तेवढ्याच डीएमएसओचा कंट्रोल ठेवा.