बॉल पायथनने खाणं सोडलं तेव्हा

पश्चिम आफ्रिकेतला हा अजगर, विशेषतः प्रौढ नर, हिवाळ्यात महिनोन्‌महिने उपाशी राहू शकतो. वजन टिकून असेल तर घाबरू नका. माझा अजगर खाईना, तेव्हा दोष त्याच्या राहण्याच्या पेटीत निघाला. काचेवर चिकटवलेला तापमापक तळाचं तापमान सांगत नाही. थर्मोस्टॅटचा (तापमान आपोआप राखणाऱ्या यंत्राचा) प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, तळाशी नेऊन उबदार बाजू ३२ अंश सेल्सिअसवर आणली, थंड बाजू २५, आर्द्रता ६० टक्के. दोन्हीकडे अंग टेकेल इतकी अरुंद लपायची खोकी ठेवली आणि आठवडाभर हात लावला नाही. मग गोठवलेला मेलेला उंदीर फ्रीजमध्ये वितळवून पिशवीसकट गरम पाण्यात ३८ अंशांपर्यंत तापवला (मायक्रोवेव्ह नको, उंदराचं पोट फुटतं!) आणि अंधारात लांब चिमट्याने पुढे केला. घेतला. अजगराचे डोळे निळसर असताना देऊ नका, कात येत असते. नकार मिळाला तर १० दिवस थांबा. रोज उंदीर पुढे नाचवलात तर आणखी बिथरतो. वजन १० टक्क्यांहून घटलं तर पशुवैद्य गाठा.