जुन्या पिकअपचा स्टेअरिंग शाफ्ट बदलताय? या चुका टाळा

इंदूरच्या चोइथराम मंडीत कांदा-बटाटा वाहून म्हातारी झालेली पिकअप हातात घेतली की पहिल्याच चौकात कळतं. स्टेअरिंग चार बोटं फिरतं, पण पुढच्या चाकांना त्याची खबर नसते. या ढिलेपणालाच 'प्ले' म्हणतात. सिमरोलच्या पुढे भेरूघाट उतरताना तर सरळ रस्त्यावरही हात सतत डावी-उजवीकडे चालू ठेवावा लागतो. मग कोणीतरी सांगतं, 'शाफ्ट गेलाय, नवा टाका.' कधी ते खरं असतं. पण नवा शाफ्ट टाकूनही तक्रार तशीच राहिलेल्या गाड्या देवास नाक्यावर आणि ट्रान्सपोर्ट नगरात भरपूर फिरतात. काही तर आधीपेक्षा जास्त धोकादायक होऊन बाहेर पडतात.

इथे शाफ्ट म्हणजे स्टेअरिंग कॉलमच्या खालच्या टोकापासून चेसिसवरच्या स्टेअरिंग बॉक्सपर्यंत जाणारा मधला दांडा. त्याच्या टोकांना क्रॉसचे (युनिव्हर्सल) जॉइंट असतात, काही गाड्यांत एका टोकाला रबर कपलिंग, आणि मध्ये एकात एक सरकणारे दोन तुकडे. याची कामं दोन. हाताचं वळण जसंच्या तसं खाली पोचवणं, आणि लांबीत थोडं कमी-जास्त होत राहणं. पिकअपची केबिन चेसिसवर रबरी माउंटवर बसलेली असते, त्यामुळे खड्ड्यात केबिन एकीकडे आणि चेसिस दुसरीकडे हलते. तो फरक शाफ्टने गिळायचा असतो. म्हणून शाफ्ट फिरण्यात घट्ट आणि सरकण्यात मोकळा हवा. गॅरेजात लोक घट्टपणाच्या मागे लागतात आणि मोकळेपणा घालवून बसतात. बहुतेक चुका तिथूनच सुरू होतात.

प्ले कुठे आहे हे न बघताच शाफ्ट मागवणं

तपासणी फुकट आहे आणि दोन माणसांची आहे. गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवर, जॅक नाही. पॉवर स्टेअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा, गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना उटी (दगड किंवा ठोकळा) लावलेली. खालच्या माणसाने पंखा-बेल्टपासून हात लांब ठेवायचे. एकाने स्टेअरिंग हलक्या हाताने डावी-उजवीकडे हलवायचं, दुसऱ्याने जॉइंटच्या वर आणि खाली बोटं ठेवायची. वरचा भाग हलला आणि खालचा नाही, तर दोष त्या जॉइंटचा. असंच खाली उतरत जा: वरचा जॉइंट, सरकणारा भाग, खालचा जॉइंट, बॉक्सचा इनपुट (शाफ्ट जिथे जोडतो ते टोक), बॉक्सचा आर्म, मग चाकांपर्यंत वळण नेणारे दांडे आणि त्यांची टोकं, म्हणजे ड्रॅग लिंक आणि टाय रॉड एंड. बॉक्स चेसिसला धरणारे बोल्टही बघा. बॉक्सच चेसिसवर हलत असेल तर नवा शाफ्ट काय करणार?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ९८ स्टेअरिंगवर ३० अंशांपर्यंत प्ले चालवून घेतो. ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टेअरिंगवर हे साधारण साडेदहा सेंटिमीटर होतात, म्हणजे बरंच झालं. 'फिटनेसला पास झाली' याचा अर्थ 'स्टेअरिंग ठीक आहे' असा घेऊ नका. त्याच नियमात आणखी एक मुद्दा आहे: जोडणीचे बोल्ट आणि पिना नीट लॉक केलेल्या हव्यात. त्याकडे खाली येतोच.

बॉक्सचा स्क्रू आवळून प्ले 'काढणं'

बॉक्सच्या झाकणावरचा नट सैल करून स्क्रू अर्धा फेरा आवळला की प्ले गायब झाल्यासारखा वाटतो. पण तो स्क्रू बॉक्सच्या आतल्या दात्यांची पकड ठरवतो. शाफ्टच्या झिजेशी त्याचा संबंध नाही. जास्त आवळला तर सरळ जाताना, नेमकं मध्यावर, स्टेअरिंग अडकतं आणि वळणानंतर आपोआप परत येत नाही. आतले दाते खराब झाले तर मग बॉक्सचाही खर्च. आधी शाफ्ट आणि टाय रॉड एंड नीट करा. त्यानंतरही बॉक्समध्येच प्ले उरला, तर मॅन्युअलप्रमाणे स्क्रूला हात लावा.

'भिया, टाँका मार दो'

ही सगळ्यात महागडी चूक, म्हणून इथे जरा थांबतो. क्रॉस ढिला झाला, किंवा सरकणाऱ्या भागात खडखड आली, की वेल्डिंगवाला दोन मिनिटांत टाका मारून देतो. खडखड जाते, पैसे वाचतात, मालक खूश.

पण आता शाफ्ट सरकत नाही. केबिन आणि चेसिसमधला सगळा धक्का कॉलमच्या बेअरिंगवर आणि बॉक्सच्या इनपुटवर जातो, आणि काही महिन्यांत ऑइल सील गळायला लागतं. त्याहून गंभीर म्हणजे समोरून धडक झाली की चेसिसचा पुढचा भाग मागे येतो. सरकणारा शाफ्ट आत मिटतो, वेल्ड केलेला मिटत नाही. तो स्टेअरिंगला ड्रायव्हरच्या छातीकडे ढकलतो. शिवाय जॉइंटचं पोलाद वेल्डच्या उष्णतेने ठिसूळ होऊ शकतं, तडा कुठे जाईल ते वरून दिसत नाही. स्टेअरिंगच्या दांड्यावर स्थानिक वेल्डिंग नकोच. लांबी कमी पडत असेल तर योग्य लांबीचा शाफ्ट शोधा.

हातोड्याचंही तेच. जुना शाफ्ट गंजून अडकला असेल तर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवा, क्लॅम्पची (शाफ्टचं टोक धरणाऱ्या पकडीची) फट छिन्नीने हलकेच उघडा. कॉलमवर उभा घाव घातला की काही गाड्यांत आतल्या प्लॅस्टिकच्या पिना तुटतात आणि जिथे प्ले नव्हता तिथे नवा प्ले तयार होतो.

जॉइंटचे कान कुठेही बसवणं

नवा शाफ्ट लावला, प्ले गेला, पण स्टेअरिंग फिरवताना एका फेरीत दोनदा जड आणि दोनदा हलकं लागतं. मिस्त्री म्हणतो, 'नवा आहे दादा, बसेल हळूहळू.' बसणार नाही. तिरका बसलेला क्रॉस जॉइंट वळण समान गतीने पुढे देतच नाही. कोन ३० अंशांचा असेल तर खालचा दांडा एका फेरीत दोनदा सुमारे १५ टक्के पुढे पळतो आणि दोनदा सुमारे १३ टक्के मागे पडतो. दुसरा जॉइंट ही चूक भरून काढतो, पण दोन्हीकडचे कोन सारखे असतील आणि मधल्या दांड्याच्या दोन्ही टोकांचे कान (क्रॉस धरणारे फाटे) एका रेषेत असतील तरच. ९० अंशांनी चुकले तर फरक मिटायच्या ऐवजी वाढतो.

काही कंपन्या कान मुद्दाम थोडे फिरवून देतात, कारण दोन्ही कोन एकाच पातळीत नसतात. म्हणून जुना शाफ्ट काढण्यापूर्वी पंचने खुणा करा: कॉलमवर, शाफ्टच्या दोन्ही तुकड्यांवर, बॉक्सच्या इनपुटवर. फोटोही काढा. एका जॉइंटवर साधारण ३५ अंशांपेक्षा जास्त कोन येऊ देऊ नका. आणि कोणी तीन जॉइंटचा 'हेवी ड्युटी' जुगाड सुचवला, तर मधल्या दांड्याला सपोर्ट बेअरिंग कुठे बसणार हे आधी विचारा. नसेल तर तो दांडा हेलकावे खाणार.

रबर कपलिंगच्या जागी पोलादी जॉइंट लावणारेही बरेच आहेत. वळण नेमकं होतं हे खरं, पण रस्त्याचा थरकाप थेट हातात येतो. दिवसभर माल टाकणाऱ्याला मी चांगलं रबर कपलिंगच सुचवेन.

क्लॅम्पचा बोल्ट

शाफ्टच्या दात्यांवर एक आडवी खाच असते आणि क्लॅम्पचा बोल्ट त्या खाचेतून जातो. शाफ्ट पूर्ण आत गेला नसेल तर बोल्ट खाचेबाहेर बसतो, वरून घट्ट वाटतो आणि एक दिवस सांधा सुटतो. बोल्ट हाताने आरपार गेला पाहिजे. ठोकावा लागत असेल तर शाफ्ट नीट बसलेला नाही. सियागंज बाजारातून कुठलाही 'सेम साइज' बोल्ट आणू नका. मूळ बोल्टच्या डोक्यावरचा ग्रेड (मजबुतीचा आकडा) बघा, ८.८ असेल तर त्याखाली जाऊ नका. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) एकदाच वापरायचा, दरवेळी नवा. टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, मॅन्युअलमध्ये दिलेलाच, टॉर्क पान्यानेच. दाते मोजून जुळवा. एखाद्या दात्याचा फरक असलेला जॉइंट ठोकून बसतोही, आणि मग दाते सोलून काढतो.

स्टेअरिंग मोकळं सोडणं

शाफ्ट काढण्याआधी चाकं सरळ करा आणि सीटबेल्ट स्टेअरिंगमधून ओवून ते बांधून ठेवा. एअरबॅगवाली गाडी असेल तर बॅटरीची वायरही आधी काढा. अशा गाडीत स्टेअरिंग मोकळं फिरत राहिलं तर आतली गुंडाळलेली पट्टी (एअरबॅगची वायर) तुटू शकते.

काम झाल्यावर स्टेअरिंग वाकडं दिसलं तर वरचं स्टेअरिंग काढून सरळ करण्याचा मोह होतो. तसं केलं की इंडिकेटर वळणानंतर नीट परत येत नाही. आधी बॉक्सचा मध्य शोधा: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे फेरे मोजा आणि अर्ध्यावर आणा. मग शाफ्ट एखाद-दुसऱ्या दात्याने सरकवून बघा. ३६ दात्यांच्या शाफ्टवर एक दाता म्हणजे १० अंश. उरलेला फरक ड्रॅग लिंक किंवा टाय रॉडने काढा आणि त्यानंतर अलाइनमेंट करून घ्या.

बसवल्यानंतरच्या तक्रारी

स्टेअरिंग जड आणि परत येत नाही: जॉइंट कोरडा किंवा वाकडा आवळलेला, नाहीतर शाफ्ट लांब पडून दाबला जातोय. खड्ड्यात 'टक्' आवाज: क्लॅम्प सैल, किंवा केबिनचे रबरी माउंट फाटलेले, माउंट तसेच राहिले तर नवा जॉइंटही लवकर जाईल. एका बाजूला पूर्ण वळवल्यावर घासल्याचा आवाज: शाफ्ट एक्झॉस्टला किंवा ब्रेकच्या पाइपला लागतोय, आणि हे पाइप झिजण्याआधी बघायचं आहे. केबिनच्या पत्र्यातून शाफ्ट जिथे जातो तिथलं रबर फाटलं असेल तर तेही नवं टाका. सर्व्हिस सेंटरवर प्रेशरचं पाणी मारताना पाइप थेट जॉइंटवर धरू देऊ नका.

पहिले काही दिवस गाडी रिकामी चालवा, मग क्लॅम्पचे बोल्ट परत टॉर्कवर तपासा आणि प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढून ठेवा. पुढे बोनेट उघडलं की रेघ तुटली आहे का, एवढंच बघायचं.